पहिल्या हाकेला ओ

सगुण मेला त्या दुपारी त्याच्या आईने एक हाक ऐकली, आणि ओ दिली नाही.

सगुण माझा पुतण्या. थोरला भाऊ लवकर गेला. पेडण्याच्या घरात वहिनी, मी आणि हा मुलगा.
आज त्याचा स्मृतिदिन.

आमच्याकडे एक नियम आहे. भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली, तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नसते, ते एकदाच.

सगुण या नियमाची थट्टा करी. सैन्यातून रजेवर आला की गेटवरूनच,
"आई, आई, आई! तीन झाल्यो गे, आता तरी ओ दी."

शेवटच्या रजेनंतर तो वास्कोहून आगगाडीने गेला. पुढे श्रीलंकेत.
सेनेचे नाव शांतिसेना होते. मृत्यू लढाईत झाला.

त्या दुपारी वहिनी नारळ खवत होत्या. बाहेरून "आई" अशी हाक आली.
त्यांनी हात थांबवला. दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. ती आली नाही. मग जनेल उघडून पाहिले. गेटवर कोणी नव्हते.

काही दिवसांनी तार आली. मृत्यूचा दिवस तोच.
देहाला तिकडेच अग्नी दिला होता. घरी अस्थी आल्या.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवीत असे, म्हणून वहिनींनी निवाडा माझ्याकडे मागितला.
"भाऊजी, ती त्याचीच हाक काय? तुमी सांगशात तां मी मानतलंय."

मी म्हणालो, दोन गोष्टी एकाच दिवशी घडल्या म्हणून त्यांचा संबंध सिद्ध होत नाही. वाटेने पोरे जातात. 'आई' हा शब्द एकट्या सगुणचा नव्हे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.
"तुमचां सगळां बरोबर. पण तो हाक मारून थांबलो आसतलो ना?"

नियमाचे गृहीतक मान्य केले, तर निष्कर्ष टळत नाही: मेलेल्याला एकच हाक मारता येते, म्हणून नियम नेमका त्यालाच बाहेर ठेवतो. आपला कोण आणि परका कोण, हे नियम विचारत नाही.
वहिनींना हे माझ्याआधी कळले होते.

त्यानंतर त्या प्रत्येकाच्या पहिल्या हाकेला ओ देऊ लागल्या. मासळीवाली हसून म्हणे, "गे वैनी, मी अजून तोंड उघडूक नाय, आनी तू ओ दिलंस?"
वहिनी हसत नसत.
पुढेपुढे गेटवर कोणी नसतानाही त्या ओ देत. मग थोडा वेळ दाराकडे बघत, आणि पुन्हा कामाला लागत.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. घरात आता मी एकटा.

आज दुपारी जेवून वाचत बसलो होतो. बाहेरून हाक आली.
"आई."
एकदाच.

जनेलातून पाहिले. गेट बंद. रस्त्यावर ऊन, आणि कोणी नाही.
पुरावा म्हणून याची किंमत शून्य आहे. माझ्या विद्यार्थ्याने असा दाखला दिला असता, तर मी तो फेटाळला असता.

पण या घरात त्या हाकेला ओ देणारे माणूस आता उरलेले नाही.
मी उठलो, दार सताड उघडले, आणि वहिनींच्या वतीने ओ दिली.

सगुण, उरलेल्या दोन हाका मारायची गरज नाही.
आत ये.