एक नंबर झोप

डायलिसिसला माझ्या शेजारच्या खाटेवर अहमदपूरचे एक रिटायर कंडक्टर असतात. दुष्काळात सेंटरचा टँकर उशिरा आला, तरी यांची ऐट कायम: "आपलं पाणी डॉक्टरनं कवाच तोडलंय." मशीन लागलं की दहा मिनिटांत घोरतात, मी घड्याळ लावून पाहिलंय.

परवा सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. रात्री झोप लागत नसेल, तर डॉक्टर औषध बदलणार होते.

"एक नंबर झोप," हे म्हणाले.

पायाशी बसलेली बायको म्हणाली, "मंग रातभर मी कुणाचे पाय दाबत बसले?"

हे सिस्टरकडं वळले. "सिस्टर, हिची खराब लिवा. माझी चांगलीच हाय."

फॉर्मात बायकोचा रकाना नव्हता. सिस्टरनं 'चांगली'वर खूण केली आणि हे घोरू लागले.