बेचाळीस माणसांचं नगर

आजवर ज्यांनी ज्यांनी नगरं वसवली त्यांनी आधी लढाया मारल्या, तट बांधले, गेला बाजार एखादी नदी तरी गाठली. आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या काकांनी नुसत्या टाचणीवर नगर वसवलं. तेही मुलुंड पूर्वेला, बनियनवर, झोपाळ्यात बसून! जन्मभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेला हा माणूस. हाताला टाचण्या मारायची इतकी सवय, की काकूंनी एकदा पोळ्यांची चवड समोर ठेवली तर यांनी डाव्या कोपऱ्यात टाचणी मारून वर अनुक्रमांक घातले. थाप नाही, पोळी क्रमांक तीन मी स्वतः खाल्लेली आहे.

मुरबाडच्या पुढे काकांची वडिलोपार्जित तीन एकर जमीन होती. जमीन सातबाऱ्यावर, प्रत्यक्षात खडक. करवंदं पिकायची, पण तीही शेजाऱ्याच्या बांधावर. तिथे काकांना नगरपंचायत हवी होती. “जमीन आपली असली म्हणजे नगर होत नाही रे,” ते मला समजावत, “एक बांधलंस तर घर, पन्नास बांधलीस तर सोसायटी. नगर व्हायला राज्यपालांची अधिसूचना लागते!” मी म्हटलं, “मग इथे मुलुंडातच काढा की.” तर काका माझ्याकडे पहिलीतल्या पोराकडे बघावं तसं बघत म्हणाले, “इथे महानगरपालिका आहे. एका म्यानात दोन तलवारी?”

कायद्याची पहिली अट बिगरशेती रोजगाराची. त्यावर काकांनी लाल पेनाने ‘पूर्तता झाली’ असा शेरा मारला. “आपल्या बिल्डिंगमध्ये मेथी आणि शेपू ओळखणारा एक माणूस दाखव!” दुसरी अट लोकसंख्येची, किमान दहा हजार. इथे काका बेचाळीस माणसांवरच अडकले. त्यांनी चारही मजले पिंजून काढले, इस्त्रीवाल्याला प्रभाग दोन दिला, लिफ्टवाल्याला उड्डाणपूल देऊ केला. गेटबाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या माहुलच्या कोळीणमावशींना तर त्यांनी मच्छीबाजारच देऊन टाकला. “ओ काका, तुमच्या नगरात समुद्र हाय काय?” “तळ्याची तरतूद आहे.” “तरतूद काय तव्यावर टाकू?” असं म्हणून मावशींनी बोंबलाचं शेपूट त्यांच्या नकाशावर झटकलं. तो ओला डाग काकांनी निळ्या पेन्सिलीने गिरवला आणि तळं म्हणून कायम केला. काकू आतून ओरडायच्या, “अहो, पाणीपुरवठा समिती मागाहून नेमा, आधी मोरीचा नळ बघा!”

आम्ही पोट धरधरून हसलो. सगळ्यात मोठ्याने मी. पण एक दिवस रिडेव्हलपमेंटची सभा झाली, बिल्डिंग रिकामी करायची ठरली, आणि जिन्यात काकांनी माझा शर्ट धरला. “बिल्डर घर परत देईल रे. शेजारी कोण देणार? सबंध करारनामा वाचला मी. तशी तरतूद नाही.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं, की हा माणूस नगर काढत नव्हता, बिल्डिंग उचलून न्यायची खटपट करत होता.

दुसऱ्याच दिवशी जिन्यात नोटीस लागली : ‘प्रस्तावित नगराबाबत हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी द्याव्यात.’ खाली स्टुलावर रिकामी फाईल, तिला दोरीने बांधलेलं पेन. काका रोज संध्याकाळी फाईल उघडून बघत. तीस दिवस संपले. मी म्हटलं, “अभिनंदन काका! एकही हरकत नाही. झकास!” काकांचा चेहरा पडला. “वेडा आहेस. हरकत कोण घेतो? ज्याला तिथे राहायचं असतं तो. जायचंच नाही त्याची कशालाच हरकत नसते.” त्यांनी पेनाची दोरी सोडली, पेन खिशाला लावलं आणि रिकामी फाईल काखेत मारून घरात गेले.

मग सगळे पांगले. इस्त्रीवाला घाटकोपरला गेला, काका-काकू चेंबूरला, आम्ही बोरिवलीला. मावशी आता कुठल्या गेटबाहेर बसतात कोण जाणे. बोरिवलीच्या बाविसाव्या मजल्यावर समोरचं दार कोणाचं हे मला आठ महिने कळलं नव्हतं. एका रविवारी बसलो आणि कागद काढला. ‘प्रति, नियोजित नगर. माझ्या घराला मच्छीबाजार अगदी लागून दाखवला आहे. वारा पश्चिमेचा असल्याने माझी सक्त हरकत आहे.’ आणि काकांच्या चेंबूरच्या पत्त्यावर पोस्टात टाकला.

आठवड्यात उत्तर आलं. डाव्या कोपऱ्यात टाचणी, वर ‘आवक क्रमांक १’. ‘आपली हरकत मुदतीनंतर प्राप्त झाली असली तरी विशेष बाब म्हणून दाखल करून मान्य करण्यात येत आहे. मच्छीबाजार तळ्यापलीकडे हलवला आहे.’ सोबत नवा नकाशा. त्यात माझं घर, शेजारी काकांचं, आणि मध्ये भिंत आखायची राहिलेली, की मुद्दामच सोडलेली.

खाली, शिक्क्याच्याही खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती : ‘आता तरी येशील ना रे?’