धुरपदाबाईचं लाल लुगडं

लीलाधर चौधरी विमान चालवायला शिकला, आणि पहिली ताकीद काय मिळाली म्हणाल, तर बाहेर बघायचं नाही! म्हणजे झालं की नाही? सावद्याच्या केळीतून उठून पोरगं धुळ्याच्या धावपट्टीवर आलं ते वरून जग बघायला, आणि शिकवणाऱ्या छगन सरांनी त्याच्या डोक्यावर लांब चोचीचा टोप चढवला. टोपातून समोरच्या तबकड्यांशिवाय काही म्हणता काही दिसत नसे.

"अंग खोटं बोलतं, काटे नाही," सर म्हणायचे. वेग, उंची, दिशा, क्षितिज, सगळं काट्यांवरून. नजर गरागरा फिरवत ठेवायची आणि आपण कुठे आहोत याचं चित्र डोक्यात जुळवायचं. बाहेर बघायचं काम सरांचं.

साल एक्याण्णव. आधीच्या चकरा धुळ्याच्याच आसपास झाल्या होत्या. आता टोप घालून दर गुरुवारी धुळे, जळगाव, सावदा आणि परत. सावद्याला त्याची माय, धुरपदाबाई, एकटी राहायची. तिला हे कळलं मात्र, तिनं धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, लाल लुगडं पसरायला सुरुवात केली. पोराला घर ओळखू यावं!

जळगाव सोडलं की घड्याळात चौदा मिनिटं. चौदावं मिनिट भरलं की लीलाधरला ठाऊक असायचं, माय आत्ता खाली हात हलवतेय. त्याचा जीव तीळतीळ तुटायचा. सरांना विचारावं, खाली लाल काही दिसतंय का? पण लाज आडवी यायची. मान जरा वळली की सर टोपावर टिचकी मारत.

रविवारी एसटीनं घरी गेला की माय दारातच विचारायची, "दिसलं का रे?"

"दिसलं की! लालभडक." दुसरं काय सांगणार बिचारा?

लायसन मिळालं, आसामात तीन वर्षं छोटी विमानं हाकली, आणि पंचाण्णवला मोठ्या विमान कंपनीत निवड झाली. तिथे सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये बसला आणि तोंडचं पाणीच पळालं. एकही काटा नाही! नुसते रंगीत पडदे, वर-खाली सरकणाऱ्या आकड्यांच्या पट्ट्या. काटा कुठे कलला ते त्याला नजरेच्या कोपऱ्यातून कळायचं. इथे तो एकेक आकडा वाचत बसला, तोवर विमान पुढे निघून गेलेलं. दोनदा नापास झाला. त्याच्याहून लहान पोरं पटापट पुढे गेली. जेवणाच्या टेबलावर त्याच्याजवळ कोणी बसेना, आणि तोही कोणाजवळ जाईना.

तिसऱ्या खेपेला जमलं. डोक्यात चित्र जुळवायची गरजच उरली नव्हती, पडद्यावर नकाशा तयार काढलेला. त्या नकाशावर सगळं होतं, सावदा तेवढं नव्हतं.

वाराणसीहून सावद्यावरून मुंबईला येणारं दुपारचं विमान मिळालं, तेव्हा त्यानं शेजारच्या बेबाबाईंच्या घरी फोन करून मायला बोलावून घेतलं.

"माय, गुरुवारी दुपारी लुगडं पसर. आता टोप नाही. या खेपेला खरंच पाहीन." बोलून गेला आणि जीभ चावली. "तवा मी खोटं सांगत होतो. मले कधीच दिसलं नाही."

"मले माहीत होतं रे. एका गुरुवारी मी भुसावळच्या दवाखान्यात होती, घराले कुलूप होतं. तू तं रविवारी आला अन् सांगे, लालभडक दिसलं."

लीलाधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मंग नंतर काहून पसरत होती?"

"नसतं पसरलं, तं रविवारी तू काय सांगाले आला असता?"

गुरुवारी बऱ्हाणपूर मागे पडलं तसा त्यानं पडद्यावरचा डोळा काढला आणि मनगटावरचं घड्याळ धरलं. जुनाच हिशेब, फक्त आता तीन मिनिटांचा. तिसरं मिनिट भरलं आणि त्यानं उजव्या काचेला कपाळ टेकवलं. खाली तापी, केळीचे हिरवे तुकडे. एकतीस हजार फूट! लुगडं कसलं, अख्खं सावदा मुठीएवढं झालेलं.

"काय शोधतोस?" कॅप्टननं विचारलं.

"काही नाही, सर."

मुंबईला उतरल्या उतरल्या त्यानं फोन लावला. बेबाबाईंनी मायच्या हाती दिला.

"दिसलं का रे?"

"नाही माय. पाहिलं, पण दिसलं नाही."

"पाहिलं ना? मंग रविवारी ये सांगाले."

"रविवारी कलकत्त्याले जाणं आहे."



"बरं," माय म्हणाली. "मंग पुढच्या गुरुवारी पसरू का?"

"पसर," तो म्हणाला.