हलकी हवा

ऑफिसात तिला सगळे इस्त्री म्हणत. नाव मालकांनीच ठेवलं होतं, आणि कौतुकानं ठेवलं होतं. सहलींच्या त्या कचेरीत कुठलंही चुरगळलेलं वाक्य तिच्या टेबलावर यायचं आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून, घडी होऊन परत जायचं. हॉटेलला लिफ्ट नसेल तर ती लिही, ‘लाकडी जिन्याची जुनी शोभा’. गरम पाणी बेताचंच येत असेल तर ‘झऱ्याच्या पाण्याचा ताजेपणा’. रस्ता हाडं खिळखिळी करणारा असेल तर ‘जुन्या वळणाचा रस्ता’. आपण खोटं कधीच लिहीत नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची. जिना असतोच, पाणी झऱ्याचंच असतं, आणि वळणं तर काय, मोजावी तेवढी. मग बिघडलं कुठे?

ती कचेरी एकाच डोंगराळ देशाच्या सहली काढायची, आणि त्याही आरामशीर. गिऱ्हाईक बहुतेक उतरत्या वयाचं. डोंगर बघायचे आहेत, पण डोंगरानं आपल्याला दमवता कामा नये, अशी त्यांची माफक अपेक्षा. इस्त्री त्यांच्यासाठी डोळ्यांत तेल घालून आखणी करायची. पलंग फार उंच तर नाही ना, न्हाणीघरात धरायला दांडी आहे ना, दरी बघायच्या जागी पाठ असलेली खुर्ची ठेवाल ना, अशा चौकशा करून ती तिथल्या हॉटेलवाल्यांना भंडावून सोडी. स्वतः तिने तो देश पाहिलेला नव्हता. हलवाई कुठे मिठाई खातो, असं ती म्हणायची आणि पुढचा फोन लावायची.

त्या सहलीचा मुकुटमणी म्हणजे एक खिंड. गाडी थेट वर जाते, चारी बाजूंना बर्फाची शिखरं, मधे निळं आभाळ. सहलींबरोबर असणारा तिथला गाईड मुरलेला गडी होता. त्याने फोनवर सरळ सांगितलं होतं, “बाई, वर हवा विरळ आहे. डोकं धरतं, धाप लागते. लोकांना तसं लिहून कळवा.” तिने तसं लिहिलं. मालकांनी वाचलं आणि कागद परत सरकवला. “विरळ म्हटलं की गाडीत ड्रायव्हर एकटाच बसेल. जरा इस्त्री फिरवा.” तिने चहाचा कप संपेपर्यंत विचार केला, आणि ‘विरळ’ खोडून वर लिहिलं, ‘हलकी’. खिंडीतली हलकी हवा छातीभर भरून घ्या. मालकांनी टेबलावर थाप मारली. पुस्तिका छापून आली तेव्हा ते वाक्य मोठ्या अक्षरांत होतं. हलकी म्हणजे काय हो, असं कुणी विचारलंच तर फोनवर खरं सांगायचं, हे तिने मनाशी ठरवलेलं होतं. पण इतक्या गोड शब्दाचा अर्थ कोण विचारतो? कुणीच विचारला नाही.

आता तिच्या ताईबद्दल सांगायला हवं, कारण इस्त्रीकडे जे शब्द होते ते सगळे ताईने दिलेले होते. आई गेली तेव्हा इस्त्री बोबडं बोलत होती. ताई गादीच्या कारखान्यात कापूस पिंजायला जाऊ लागली आणि धाकटीला शाळेत घातलं. संध्याकाळी केसांत, भुवयांत कापसाचे तंतू घेऊन ती घरी यायची, आणि तशीच धाकटीला पुस्तक उघडून बसवायची. ओळीखाली ताईचं बोट फिरायचं आणि धाकटी वाचायची. अडलं की धाकटी आपल्या मनचा शब्द ठोकून द्यायची, आणि बहुतेक वेळा तो बरा जमायचा. ताई ओरडत नसे, मारत नसे. नुसतं बोट ओळीवरून उचलून घ्यायची. “आहे तसं वाच.” शब्द बरोबर येईपर्यंत बोट परत टेकत नसे, आणि त्या उचललेल्या बोटाचा धाकटीला माराहून जास्त धाक होता.

कापसाचे ते तंतू केसांतून झटकले गेले, पण छातीत गेलेले तिथेच राहिले. पुढे पुढे ताईला जिना चढताना मधे थांबावं लागू लागलं. थांबण्याचं कारण मात्र दर वेळी वेगळं असायचं. कधी चप्पल सुटली, कधी शेजारीण बोलत होती. आजारी हा शब्द त्या घरात चालत नसे. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेला साधा माणूस. जन्मभर कागदांवर शिक्के मारल्यामुळे छापील अक्षरावर त्यांची अपार श्रद्धा. डॉक्टर त्यांना म्हणाले होते, “धूळधुरातून बाहेर काढा, मोकळ्या हवेत न्या.” भाऊजींनी ते मनावर घेतलं. मेहुणीला फोन आला, “तुमच्या त्या डोंगरांत नेतो तिला, तीच म्हणतेय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाद्या भरल्यान, एकदा भारीतल्या गादीवर झोपू दे.”

इस्त्रीला आधी ती खिंड आठवली. पण जन्मात पहिल्यांदा ताई काहीतरी मागत होती, आणि तेही तिच्या हातचं. नाही कसं म्हणणार? तिने दोघांसाठी वेगळी आखणी केली. दरीतल्या तळ्याकाठचं हॉटेल, बोटीतून फेरी, सपाटीवरच्या बागा, सगळं खालच्या खाली. खिंडीचा दिवस तिने काढून टाकला आणि तिथे लिहिलं, ‘विश्रांतीचा दिवस’. का काढला, ते ताईला सांगायचं तर तिच्या छातीबद्दल बोलावं लागलं असतं. ताईनं तोंड फुगवलं असतं, कदाचित जाणंच रद्द केलं असतं. उगाच हौशीवर विरजण कशाला, म्हणून इथेही तिने इस्त्रीच फिरवली.

सुरुवातीला सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. ताईचे फोन यायचे. “अगं, मी इथली गादी उचलून बघितली. टाके कच्चे आहेत, पण कापूस एक नंबर!” हॉटेलवाल्यांनी तळ्याकडे तोंड करून तिच्यासाठी खुर्ची मांडली होती, पाठ असलेली. ताई हसत होती आणि हसताना खोकत नव्हती. इस्त्रीचा जीव भांड्यात पडला. तिने ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

विश्रांतीच्या दिवशी दुपारी गाईडचा फोन आला. तो पळत असल्यासारखा बोलत होता. “बाई, तुमच्या बहिणीला वर त्रास झाला. गाडीतला ऑक्सिजन लावलाय, खाली दवाखान्यात नेतोय.”

“वर? वर कुठे? त्यांचा विश्रांतीचा दिवस आहे आज!”

“खिंडीत. सहलीची गाडी निघाली तेव्हा साहेब म्हणाले, आम्हालाही घेऊन चला. मी विचारलं, तब्येतीची तक्रार नाही ना? तुमच्या ताई स्वतः म्हणाल्या, काही नाही. साहेब म्हणाले, आमची मेहुणीच तुमच्या हेड ऑफिसात बसते. मला वाटलं, तुमची परवानगी असेल.” मग तो म्हणाला, “मी तुम्हाला विरळ म्हणून सांगितलं होतं, बाई.”

ताई परत आली ती चाकांच्या खुर्चीत. घरात पलंगाशेजारी एक यंत्र आलं. त्याची नळी नाकाला, आणि घरघर दिवसरात्र चालू. डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं, की छातीत जी काही थोडी ताकद शिल्लक होती ती वरच संपली, आता जितके दिवस निघतील तितके आपले. इस्त्रीने ऑफिसला रजा टाकली आणि ती ताईच्या घरी येऊन राहिली.

भाऊजी तिला स्वयंपाकघरात सांगत होते. हातात रिकामा पेला, त्यात पाणी घ्यायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. “हॉटेलच्या खोलीत तुमची पुस्तिका होती. त्यात छापलंय, खिंडीतली हलकी हवा. मला वाटलं, डॉक्टर म्हणतात ती हीच. खालची हवा जड म्हणून तर हिला ओढायला कष्ट पडतात. हलकी असली तर आपोआप आत जाईल, नाही का?” पेला त्यांनी ओट्यावर ठेवला. “वर ती घाबरीघुबरी झाली, तर मी पाठ चोळत सांगत होतो, अजून ओढ, अजून ओढ, इथली हवा हलकी आहे. ती ओढत होती गं बिचारी. माझ्या सांगण्याखातर ओढत होती.”

इस्त्रीला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. ते वाक्य माझं आहे, एवढं सांगायला तिने तोंड उघडलं, आणि आतून ताईची हाक आली.

ताई उशांना टेकून बसली होती. मांडीवर ती पुस्तिका. हॉटेलातून आठवण म्हणून तिने आणली होती. एकेका श्वासाला दोन-तीन शब्द, असं तिचं बोलणं झालं होतं.

“यांना बोलू नकोस. मीच... हट्ट धरला. म्हटलं, सगळे चाललेत... आपल्यालाच का नाही.”

“ताई, बोलू नकोस ना. दम लागतो.”

“हे तुझं ना?” ताईनं त्या मोठ्या अक्षरांवर हात ठेवला. चेहऱ्यावर चक्क कौतुक. “मी लगेच... ओळखलं. एवढं छान... दुसरं कोण लिहिणार. यांना म्हटलं... धाकटीनं लिहिलंय... म्हणजे जायलाच हवं.”

यंत्र घरघरत राहिलं. भाऊजी दारात येऊन उभे राहिले होते.

“वाचून दाखव,” ताई म्हणाली. “तुझ्या तोंडून... ऐकू दे.”

तिने पुस्तिका दोघींच्या मधे धरली. ताईचं बोट सवयीनं ओळीखाली आलं. नखाला निळसर झाक होती. तळ्याकाठची सकाळ, जुन्या वळणाचा रस्ता, दरीकडे तोंड करून मांडलेली खुर्ची. इस्त्री वाचत गेली आणि बोट पुढे सरकत गेलं. मग ती ओळ आली.

“खिंडीतली हवा विरळ आहे,” तिने वाचलं. “ज्यांची छाती कमजोर आहे, त्यांनी वर जाऊ नये.”

ताईनं बोट उचललं.

“असं नाहीये तिथे,” ती म्हणाली. “आहे तसं वाच.”

“आहे ते असंच आहे, ताई.” इस्त्री म्हणाली. “मला माहीत होतं. लिहिताना माहीत होतं.”

ताई तिच्याकडे बघत राहिली. भाऊजींकडे तिने बघितलं नाही. बोलायला तिने श्वास घेतला, तो पुरला नाही, दुसरा घेतला. काय म्हणायचं होतं कोण जाणे, शेवटी तिने दुसऱ्या हाताने पुस्तिका मिटली आणि पलीकडच्या उशीखाली सरकवली. धाकटीने हात पुढे केला. ताईचं बोट अजून तसंच वर होतं. ते परत कुठेच टेकलं नाही.