मेणाची चमक

सणाच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या गल्लीला उधाण येतं आणि मावशीला घोर लागतो. मावशी म्हणजे कागदाची फुलं करणारी. ती कोणाचीच सख्खी मावशी नव्हे, म्हणून सगळ्यांची. तिच्या हातचं फूल पाहून फुलपाखरानं फसावं, असं मी म्हणतो, आणि मी उगाच कोणाची तारीफ करणारा माणूस नव्हे.

पण माळ विकली की तिचं चित्त थाऱ्यावर राहत नसे. कुठं टांगणार? जवळ दिवा आहे का? पडदा किती लांब? मावशीकडे जायचं तर खिशात घराचा नकाशा हवा, असं म्हणून गिऱ्हाइकं हसत. ती म्हणायची, कागदाची आणि विस्तवाची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही.

या वर्षी ऐन गर्दीत तिला ताप भरला आणि विक्री सुनेकडे गेली. सून चलाख. बाजारातली फुलं चकाकतात आणि आपली मेली रडवेली दिसतात, हे तिला कधीचं सलत होतं. तिनं मेण वितळवलं, फुलं त्यात बुडवली, दोरीवर वाळवली. माळा हातोहात खपल्या.

ताप उतरला तसं मावशीनं पाणी तापवायला पातेलं उचललं. कडेला पांढरा थर दिसला. तिनं तो नखानं खरवडला, नाकाशी नेला आणि फक्त एवढंच विचारलं, कोणाला दिल्या? पहिली शिंप्याला, असं सून म्हणते न म्हणते तोच सासू अनवाणी बाहेर पडली होती.

दिवेलागण झाली होती. रस्ताभर खिडक्या लखलखत होत्या आणि मावशी प्रत्येक खिडकीकडे मान वळवून चालत होती, जणू हरवलेलं लेकरू शोधते आहे.

शिंप्याचं दुकान पुढं, घर मागं. यंत्राखाली चिंध्यांचा ढीग. छताशी दिव्यांची रांग आणि तिला वेटाळलेली ती चकचकीत माळ. शिंपीण उकिडवी बसून सुरीनं फरशीवरचे पांढरे थेंब खरवडत होती. वरून काय गळतंय कोण जाणे, पालीला शोभेल असलं काम, म्हणून कुरकुरत होती.

"आधी बटण बंद कर, बाई," मावशी म्हणाली.

शिंप्याला ते रुचलं नाही. व्याही यायचे होते, घर कसं झगमगायला हवं. "मावशी, विकलेली लेक परत न्यायला आलात की काय?" तो म्हणाला.

मावशीनं स्टूल ओढलं, हाताला आलेलं एक फूल तोडलं, शिंप्याचीच मोठी कात्री उचलली आणि दुकानापुढच्या ओट्यावर आली. कात्रीच्या टोकाला फूल धरून तिनं काडी लावली. फूल भप्पकन पेटलं. त्याचा एक थेंब ओट्यावर पडला आणि पडल्यावरही जळत राहिला. शिंपिणीची नजर त्या थेंबावरून आत, चिंध्यांच्या ढिगाकडे गेली. बटण तिनंच बंद केलं.

एव्हाना माणसं जमली होती. फुलं विकून पोट भरणारी बाई भर रस्त्यात आपलंच फूल जाळते, हे काही रोजचं दृश्य नव्हे. कोणीतरी मागून म्हणालंच, "आता हिच्याकडची फुलं घ्यायची कोणी?"

मावशीनं ते ऐकलं. मग ती मोठ्यानं म्हणाली, "माझ्या घरची आहेत. चकाकणारी ज्यांनी नेली, त्यांनी आणून द्या. चूक माझी."

गर्दीच्या कडेला सून उभी होती, हातात सासूच्या चपला घेऊन. गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. पण ती पुढं आली, चपला सासूच्या पायाशी ठेवल्या.

"मेण मी लावलं," ती म्हणाली. "आणि माळा कुठं कुठं गेल्या, ते आईंना नाही, मला ठाऊक आहे. चला, आई."

मावशीनं चपला घातल्या. सुनेकडे पाहिलं नाही, पण तिचा दंड धरला, घट्ट, जिना उतरताना धरावा तसा.

दोघी निघाल्या. एक दार, मग दुसरं. माळा हातावर साठत गेल्या. कोणी हसलं, कोणी कुरकुरलं, एका म्हातारीनं तर दारच उघडलं नाही. तिच्या खिडकीत दिवे लुकलुकत होते आणि त्यांच्यामध्ये काहीतरी चमकत होतं.

सून म्हणाली, उद्या येऊ.

मावशी पायरीवर बसली. नजर त्या खिडकीवर. "तू जा," ती म्हणाली. "दार उघडेपर्यंत मी आहे."

सून गेली नाही. पदर आवरून तीही शेजारी बसली, आणि थोड्या थोड्या वेळानं उठून कडी वाजवत राहिली.