काटापूजनाला पाट एकच होता

मंडळी, सकाळपासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहितोय.

धरणगावच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आज नव्या सीझनचं काटापूजन, म्हणजे वजनकाट्याची पूजा होती. दरवर्षी मी आणि माझा भागीदार सुभाष शेजारी बसून पूजा करतो. आज पाट एकच होता.

"पूजेला मालक बसतो, नाना," सुभाष म्हणाला. "कोर्टानं तुम्हाला नादार, दिवाळखोर ठरवलं, त्याच दिवशी तुमची भागीदारी संपली. कायदाच तसा शे, मी काय करू?"

गेल्या वर्षी सीझनच्या तोंडावर माझी स्वतःची तेलगिरणी बुडाली, तेव्हा नादारीच्या अर्जासाठी यानंच मला जळगावला नेलं होतं. "मोकळे व्हा नाना, जिनिंगला काही होत नाही," म्हणाला होता.

मी विचारलं, "तुला तेव्हाच माहीत होतं?"

तो नारळ सोलत राहिला.

म्हणजे गेला अख्खा सीझन मी माझ्या शब्दावर गावोगावचा कापूस आणला, तेव्हा मी इथला कोणीच नव्हतो!

तेवढ्यात पहिला ट्रॅक्टर आत आला. शेतकरी वरूनच ओरडला, "नाना शे ना? मंग बठ्ठा कापूस आठेच!" म्हणजे सगळा कापूस इथेच.

सुभाष हळूच म्हणाला, "हो म्हणा ना, नाना."

तुम्ही असता तर काय म्हणाला असता?