पाटावरची वाळू

आयर्लंडमधल्या कॉर्कच्या बंदरात भरती चढू लागली की धक्क्यावर शेवाळाचा उग्र वास सुटतो. यंदा गणपती विसर्जनाला गाडीतून उतरलो आणि त्या वासासरशी बारा वर्षांपूर्वीची संध्याकाळ अंगावर आली.

बाबा तेव्हा पुण्याहून पहिल्यांदाच आले होते. पाण्यात उतरणाऱ्या दगडी उतारावरून आम्ही मूर्ती सोडली. मी पाट घेऊन वर आलो आणि मागे पाहिलं, तर बाबा अजून खालीच, दगडांच्या फटीतली वाळू खरवडत होते.

"रिकामा पाट घरी न्यायचा नसतो रे," ते ओरडले.

तेवढ्यात समोरून एक अवाढव्य क्रूझ जहाज गेलं. आता त्याची लाट येणार हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. लाट आली, शेवाळावरून पाय सटकला आणि ते कमरेपर्यंत पाण्यात गेले. मी धावत जाऊन हात धरायला गेलो, तर मूठ घट्ट मिटलेली.

"बाबा, मूठ सोडा! हात द्या!"

त्यांनी सोडली नाही. मनगट धरून मी त्यांना वर ओढलं आणि सगळ्यांसमोर नको नको ते बोललो. पुण्याला परतेपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. यंदा वाळूसाठी मी वाकलो, तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं. वरून माझी लेक रडवेली होऊन ओरडत होती, "बाबा, लीव्ह इट! इट्स ओन्ली सँड!"

मला सगळं ऐकू येत होतं. पण मूठ काही उघडेना.